दोन बटणांचा रूझिका

ईरी, ८ मार्च

प्रिय लिओ,

हे पत्र मी लीगचा आयुक्त म्हणून लिहितो आहे, मित्र म्हणून नाही. तेव्हा पहिला परिच्छेद तरी नीट वाच.

आपल्या नियमांतलं नववं कलम असं आहे: जो मालक सलग दोन वसंतांत लिलावाच्या टेबलाशी स्वतः हजर नसेल, त्याची खुर्ची गेली. पहिल्या वर्षी त्याच्या नावाने बदली माणूस बसू शकतो; मात्र त्या हंगामात संघ तळाला राहिला, तरीही खुर्ची गेली. हे कलम कोणी घालायला लावलं ते आठवतंय का? गस फ्लोरिडाला जाऊन फोनवरून संघ चालवायला लागला, तेव्हा टेबलावर मूठ आपटून "जो टेबलाशी नाही तो खेळात नाही" असं ओरडणारा माणूस तू होतास.

यंदाचा लिलाव बावीस तारखेला, आपल्या सालच्या बेकरीच्या मागच्या खोलीत. तू येणार नाहीस हे बर्निसने फोनवर सांगितलं. तुझी बहीण म्हणते, बेसबॉलचा विषय काढला की लिओ उठून अंगणातल्या लिंबाला पाणी घालायला जातो. टूसॉनमधलं ते झाड एव्हाना पोहायला शिकलं असेल.

सालला तुझी खुर्ची त्याच्या जावयासाठी हवी आहे. मुलगा बरा आहे. पण परवा बेकरीत त्याने विचारलं, "म्हणजे खरे खेळाडू तुमच्याकडे येतच नाहीत?"

"अरे बाबा," साल म्हणाला, "आपण त्यांना कागदावर विकत घ्यायचं. ते तिकडे खऱ्या मैदानावर जे करतील, त्याचे गुण इकडे आपल्याला."

"आणि पैसे कोण देतं?"

"पैसे नाहीत. कोटाची बटणं. प्रत्येकाला एक बरणी."

जावयाने सासऱ्याकडे असं पाहिलं, की या घरात लग्न करून आपण फसलो तर नाही ना.

आता मुद्दा. तुझ्या नावाने बसण्यासाठी एक अर्ज आला आहे, आणि नाव कळवणं मला भाग आहे. कोरीन. तुझी मुलगी.

फाडायचं असेल तर आता फाड. मागच्या वसंतात काय झालं ते मी उगाळत बसत नाही. तुम्ही दोघं मिळून संघ चालवत होतात. ती आकडे बघायची, तू माणसं बघायचास. कोणाला राखून ठेवायचं ती यादी तिने पाठवली आणि रूझिकाचं नाव तुला न विचारता गाळलं. अकरा वर्षं तो तुझा होता. बिल ओट्सने लिलावात त्याचं नाव पुकारलं तेव्हा तुला कळलं. तू बरणी टेबलावर ठेवलीस, टोपी घातलीस आणि गेलास. दाराबाहेर नाही, थेट ॲरिझोनाला. त्या हंगामात रूझिकाला पाचांतून एकदाच चेंडू लागला. ती बरोबर निघाली. चूक निघाली असती तर जूनपर्यंत तू तिला माफ केलं असतंस, असा माझा अंदाज आहे.

अर्ज मी मंजूर केला आहे.

तुझा आयुक्त,
हर्ब लेंगेल


ईरी, २३ मार्च

प्रिय लिओ,

उत्तर नाही आलं. ठीक आहे. मी चाळीस वर्षं वर्तमानपत्राचं क्रीडापान लावलं आहे. वाचक उत्तर देत नाहीत म्हणून मजकूर थांबवायची सवय मला नाही.

काल तळ्यावरून असं बर्फ आलं की बिलने आपल्या दवाखान्यातल्या फावड्याने बेकरीचं दार मोकळं केलं. सालने पेपरोनी भरलेले गोळे तळून ठेवले होते. सगळे जमले, आणि तुझ्या आखूड पायाच्या खुर्चीत कोरीन येऊन बसली. खुर्ची डगमगली तसा तिने पुठ्ठ्याचा तुकडा दुमडून पायाखाली सारला. तीस वर्षांत हे तुला सुचलं नव्हतं.

सालने लगेच सुरुवात केली. "काय गं, बापाचे डोळे विकून यंत्र घेतलंस का?"

"डोळे ठेवलेत, सालकाका. तुम्ही चष्म्याचा नंबर तपासा. मागच्या वर्षी आठवे होतात ना?"

"सातवा!"

"सातवे बिलकाका होते."

बिलने मान हलवली. सालने एक गोळा अख्खा तोंडात टाकला, म्हणजे काही वेळ बोलायला नको.

मग तिची पाळी आली आणि तिने पहिलंच नाव घेतलं, हॉलिस्टर. शॉर्टस्टॉपच्या जागेवरचा, सगळ्यांना माहीत असलेला, पाच वर्षांपूर्वी प्रत्येक पोराच्या पाठीवर ज्याचं नाव होतं तो. ती म्हणाली सहा. सालने म्हटलं, यंत्राला हवा असलेला माल स्वस्तात जाऊ द्यायचा नाही. सात. ती नऊ, तो दहा. ती चौदा म्हणाली तेव्हा गालावर हात ठेवून, जणू काळजीत. साल पंधरा. ती अठरा. साल म्हणाला, एकोणीस! आणि खुर्चीत मागे रेलला.

कोरीन पाणी प्यायली.

"पुढे?" साल म्हणाला.

"तुमचा झाला. अभिनंदन."

"तुला नको होता?"

"छे. त्याचं वय बघा, पाय बघा."

"मग नाव कशाला घेतलंस?"

"तुमच्या बरणीत फार बटणं दिसत होती."

बिलच्या नाकातून कॉफी आली. भाव चढवायला गेलेला माणूस स्वतःच अडकणं हे आपल्याकडे दरवर्षी होतं, पण इतक्या सभ्यपणे झालेलं मी पाहिलं नव्हतं. लिओ, तू तिथे नव्हतास याचं मला त्या क्षणी वाईट वाटलं. तुझ्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. मला कोणाच्या तरी खांद्यावर थाप मारायची होती, आणि शेजारी बिल होता, ज्याला ते आवडत नाही.

त्यानंतर दोन तास ती जवळपास गप्प होती. बाकीचे मोठमोठ्या नावांवर बरण्या उपडी करत होते. सगळ्यांचे तळ दिसायला लागले तेव्हा तिने खरेदी सुरू केली. ओसोरिओ, दोन बटणं. गेल्या वर्षी ज्याची घरच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली तो लेफ्ट फील्डवाला. ब्रँडल, एक बटण. सेकंड बेस, मला त्याचं नाव दोनदा विचारावं लागलं. असे आणखी तीन-चार.

नंतर खुर्च्या उचलताना मी तिला विचारलं की हे लोक तिने कुठल्या बिळातून काढले.

"बिळातून नाही हो. पाच जणांनी वेगवेगळे बांधलेले अंदाज घेते आणि त्यांची सरासरी काढते. एकाची खोड दुसऱ्यात बुडून जाते. मागच्या तीन वर्षांना वजन देते, कालच्याला जास्त, परवाच्याला कमी. मग वय, मैदान, आणि त्याला रोज खेळवणार आहेत का. त्यातून जो आकडा येतो तो एका बाजूला. तुम्ही सगळे त्याला किती बटणं द्याल तो दुसऱ्या बाजूला. मी फक्त मधलं अंतर बघते."

"म्हणजे चांगला खेळाडू शोधत नाहीस?"

"चांगले सगळ्यांनाच दिसतात, हर्बकाका. लोक ज्याला जितका वाईट समजतात, तितका जो वाईट नाही, तो शोधते."

हे वाक्य मी पान लावत असताना कोणी लिहून आणलं असतं, तर चौकटीत टाकलं असतं.

तुझं नाव तिने काढलं नाही. तुझी बरणी मात्र तिने घरी नेली नाही. म्हणाली, ती इथेच राहू दे, मालकाची आहे. तिच्यावरचं तुझ्या एल्सीच्या शिवणदुकानाचं लेबल अजून शाबूत आहे.

हर्ब


ईरी, १९ मे

लिओ,

तुझं टपालकार्ड मिळालं. पुढे निवडुंग, मागे दोन शब्द: "ओसोरिओला काढ." सही नाही. जणू टूसॉनमधून मला निनावी कार्डं पाठवणारी बरीच माणसं आहेत.

म्हणजे तू गुणतक्ते बघतो आहेस. आनंद झाला. लिंबाचाही जीव वाचला.

बातमी वाईट आहे आणि तुला ती माहीत आहे. संघ दहावा, दहांपैकी. चेंडू टाकणाऱ्या तिच्या तीन पिचर्सचे कोपर एकामागोमाग गेले. कोपर आतून कधी तुटणार ते कुठल्याच अंदाजात दिसत नाही, हे ती स्वतःच सांगते. आणि ओसोरिओला आठवड्यातून दोनदा चेंडू लागला तर ती मेजवानीच म्हणायची. साल रोज बेकरीत पाव देताना मला विचारतो, "जावयासाठी खुर्ची पुसून ठेवू का?" जावई म्हणतो, मला नकोच आहे. त्याला कोणी विचारत नाही.

मी कोरीनकडे गेलो होतो. आयुक्ताने कोणाची बाजू घ्यायची नसते, म्हणून मी फक्त म्हटलं की काही लोकांचं मत ओसोरिओला काढावं असं आहे.

"कोणते लोक?"

"असेच. लोक."

तिने माझ्याकडे पाहिलं. ती विमा कंपनीत आहे, कोण खोटं बोलतंय हे ओळखण्याचा तिला पगार मिळतो. पण पुढे काही विचारलं नाही. तिने ओसोरिओचे फटके एकामागून एक लावून दाखवले. एक सरळ तिसऱ्या बेसवाल्याच्या हातात. दुसरा कुंपणापाशी, धावत येऊन झेललेला. तिसरा इतका जोरात की पिचरने जीव वाचवायला हातमोजा पुढे केला आणि चेंडू त्यात येऊन बसला.

"बॅटवरून चेंडू कसा निघतो ते त्याच्या हातात आहे," ती म्हणाली. "समोर कोण उभा आहे ते नाही. निम्म्या लीगपेक्षा तो जोरात मारतोय. हे असं कायम चालू शकत नाही."

"आणि चाललं तर?"

"तर मी चुकले असं म्हणेन. पण महिन्याभराच्या नशिबावरून माणसाला काढून टाकणार नाही."

मी म्हटलं, बरं. लिओ, मी तिथून निघालो तेव्हा मला पटलं नव्हतं. मला फक्त ती घाबरलेली नाही हे दिसलं, आणि तळाला असताना न घाबरणारा मालक मी आजवर एकच पाहिला होता. त्याने आता लिंबं धरली आहेत.

तुझं कार्ड मी तिला दाखवलं नाही.

हर्ब


ईरी, १२ जुलै

लिओ,

दाखवलं. आधीच सांगून टाकतो. मागचं पत्र पेटीत टाकलं आणि दुसऱ्या दिवशी तिला कार्ड नेऊन दिलं. तिने निवडुंगाची बाजू पाहिली, कार्ड उलटलं आणि म्हणाली, "अक्षर अजून तसंच आहे, ठसठशीत," आणि फ्रीजवर चुंबकाखाली लावलं. ओसोरिओला मात्र काढलं नाही.

तू तक्ते बघतोसच, तेव्हा पुढचं तुला ठाऊक आहे. तेच फटके, तोच जोर, आणि जूनपासून चेंडू दोन माणसांच्या मधून जायला लागले. आज लीगमधल्या लेफ्ट फील्डवाल्यांत त्याच्या वर तिघं आहेत, आणि त्या तिघांना मिळून आपल्या लोकांनी पंच्याण्णव बटणं मोजली होती. ब्रँडलला त्याच्या संघाने दुसऱ्या शहरात धाडलं. तिथे उजवीकडचं कुंपण जवळ आहे आणि तो रोज खेळतो. तिने हे ताडलं होतं म्हणू नकोस; तिने इतकंच ताडलं होतं की त्याला रोज खेळवलं तर तो एका बटणाचा माणूस नाही. हिशेबात ती कधी जास्तीचं श्रेय घेत नाही. मी आयुष्यभर अशा माणसांच्या मुलाखती घेतल्या ज्यांनी घेतलं.

फलंदाजीत तुझा संघ आता दुसरा आहे. पिचिंगमुळे एकूण नववा-दहावा, साल आणि ती आलटून पालटून. हॉलिस्टरचं ढोपर दुखतंय. साल ते नाव घेत नाही, "तो एकोणीस" म्हणतो.

चार जुलैला आम्ही सगळे द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर होतो, नेहमीच्या झाडाखाली. कोरीन माझ्या शेजारी मका सोलत बसली होती. मी विषय काढला नव्हता, तिनेच काढला.

"त्या दिवशी मी त्यांना फोन केला असता तर त्यांनी नाही म्हटलं असतं."

"रूझिकाबद्दल?"

"हं. म्हणून केला नाही. आकडा बरोबर होता, हर्बकाका. पण संघ दोघांचा होता, आणि मी एकटीचा असल्यासारखी यादी पाठवली. आई गेल्यावर डॅड त्या घरात दोनच गोष्टींबद्दल बोलायचे, भट्टीचा थर्मोस्टॅट आणि रूझिका. तेवढं कळायला आकडे लागत नाहीत."

मी कणीस सोलत राहिलो. मग तिला विचारलं, लिओने रूझिकाला मुळात का घेतला ते तुला माहीत आहे का. तिला नव्हतं. ती तेव्हा कॉलेजात होती. मी सांगितलं: कोणीही बोली लावत नव्हतं, साल म्हणाला हा पोरगा नुसता उभा राहतो, आणि तू म्हणालास, "उभा राहत नाही. जो चेंडू आपला नाही तो सोडतो. असा माणूस म्हातारपणीही उपयोगी पडतो."

तिच्या हातातलं कणीस थांबलं.

"असं म्हणाले?"

"अगदी असंच. सालही सांगेल."

"म्हणजे तो बेसवर किती वेळा पोचतो तेच डॅड बघत होते." ती स्वतःशीच बोलत होती. "बाकी सगळे फटके मोजत होते तेव्हा. यंत्राशिवाय."

एवढंच. मग मुलं पाण्यातून आली आणि मका कमी पडला.

हर्ब


ईरी, ८ सप्टेंबर

लिओ,

बसून वाच.

कोरीनने काल रूझिकाला घेतलं.

बिलने त्याला जूनमध्येच सोडला होता. त्यानंतर तो लीगमध्ये कोणाचाच नव्हता. सदतिसाव्या वर्षी बाकावर बसतो, समोर डावखुरा पिचर आला की उठतो. मी तिला फोन करून म्हटलं, पोरी, बापासाठी करत असशील तर करू नकोस. तळाला आहेस. ही खुर्ची गेली तर त्याला रूझिका परत मिळून काय करायचंय?

ती चिडली. मी तिला चिडलेली फारशी पाहिलेली नाही. तुझ्यासारखीच, आवाज खाली जातो.

"हर्बकाका, मी भावनेने बटणं उधळत नाही. त्याच्या संघासमोर उरलेल्या आठवड्यांत किती डावखुरे पिचर आहेत ते बघा. डावखुऱ्यांसमोर तो अजूनही पाचांतून दोनदा बेसवर पोचतो, बहुतेकदा चेंडू न मारता. मला नेमकं तेच कमी पडतंय. गेल्या वर्षी त्याची किंमत जास्त होती, म्हणून सोडला. आता कोणी त्याला हात लावायला तयार नाही, म्हणून घेतला. माणूस बदललेला नाही. तुमची मतं बदलली आहेत."

"म्हणजे आकडेच सांगतात?"

"आकडेच सांगतात."

मग म्हणाली, "या वेळी त्यांनी हे सांगितल्याचं मला बरं वाटलं, इतकंच."

मी हे जसंच्या तसं लिहितो आहे, कारण तू विश्वास ठेवणार नाहीस आणि शब्द बदलले असं म्हणशील. शब्द कापणं हा माझा धंदा होता, बदलणं नाही.

हर्ब


ईरी, २९ सप्टेंबर

लिओ,

हंगाम संपला. खुर्ची आहे.

तू तक्त्यात नुसता आकडा पाहिला असशील, म्हणून तो कसा झाला ते सांगतो. शेवटच्या दिवशी दुपारी साल आणि कोरीन बरोबरीत होते आणि बेसवर पोचण्याच्या सरासरीत सालचा संघ केसभर पुढे. म्हणजे ती दहावी, म्हणजे नववं कलम. तुझी बरणी मी सालच्या फळीवर पाहिली आणि दुसरीकडे बघायला लागलो. सगळे बेकरीत टीव्हीसमोर. सालने दुकान बंद केलं नाही, पण गिऱ्हाइकाने पाव मागितला की हात मागे करून देत होता, डोळे पडद्यावर.

हॉलिस्टर शेवटच्या डावात आला, पहिल्याच चेंडूवर बॅट घुमवली, उंच उडवला, झेल. सालने एप्रन तोंडावर घेतला.

दुसरा सामना लांबला होता. रूझिकाचा संघ सहा धावांनी मागे, प्रेक्षक गाड्यांकडे निघालेले, आणि डावखुरा पिचर बघून त्यांनी त्याला उठवलं. कंबर धरतच आला बिचारा. तीन वाईट, दोन चांगले. पुढचा चेंडू खाली, कोपऱ्यावर, बोट-दीड बोट बाहेर. सालचा जावई ओरडला, "मार ना!"

कोरीन आणि मी एकदमच म्हणालो, "नको."

त्याने सोडला.

चौथा वाईट चेंडू, म्हणजे बेस फुकट; त्याने बॅट ठेवली आणि पहिल्या बेसवर चालत गेला. त्या मैदानात कोणी टाळीदेखील वाजवली नाही. इकडे बेकरीत बिलने मला मिठी मारली. बिलने! साल म्हणाला, "तीस वर्षांत मला होम रनने हरवलंय, पावसाने हरवलंय. एकाही चेंडूला हात न लावता हरवणारा हा पहिलाच." आणि कोरीनपुढे अख्खी थाळी ठेवली. तळाचा मालक म्हणून यंदा दहाही बरण्या धुऊन भरायचं काम त्याचं आहे. "एल्सीची शेवटी धुतो," तो म्हणाला, "नीट."

तू नववा आहेस, लिओ. अभिमानाने सांगायची जागा नाही, तरी मी सगळ्यांना सांगतो.

आणखी एक. मार्चमध्ये मी लिहिलं होतं की कोरीनचा अर्ज आला. कोरा अर्ज मीच तिच्या दारात सरकवला होता. तिने तो त्याच दिवशी भरून परत आणून दिला, बूट न काढता, उंबऱ्यात उभी राहून.

हर्ब


ईरी, १५ मार्च

प्रिय लिओ,

राखून ठेवायच्या खेळाडूंची यादी द्यायची मुदत काल संध्याकाळी सहाची होती. प्रत्येक मालकाने पाच नावं द्यायची. कोरीनची यादी आठवड्यापूर्वीच आली. ओसोरिओ आणि आणखी तीन. पाचवी ओळ कोरी.

मी फोन केला. "एक विसरलीस."

"विसरले नाही. ती मालकाची आहे."

"तो काही कळवणार नाही, कोरीन."

"मग कोरी जाऊ दे."

"ब्रँडल मोकळा सुटेल. गेल्या वर्षी तू त्याला एका बटणात आणलंस, आता वीस लागतील."

"माहीत आहे. आणि मला वाटतं ते रूझिकाच लिहितील. लिहू देत."

मी वर्तमानपत्रात मुदत कधी वाढवली नाही. नगराध्यक्षाच्या बातमीसाठीसुद्धा नाही. काल साडेपाचपासून फोनसमोर बसलो होतो आणि सहाला काय करायचं ते मला ठरवता येत नव्हतं. पाच मिनिटं कमी असताना वाजला.

तू नमस्कार नाही केलास, कसा आहेस विचारलं नाहीस. म्हणालास, "ब्रँडल ठेव. मी पाहिलाय. बॅट घुमवताना खांदा लवकर उघडत नाही, आणि आपला नसलेला चेंडू सोडतो." आणि ठेवलास.

मी बर्निसला फोन केला. तिने सगळं सांगितलं. वसंतातले सराव सामने सुरू झाल्यापासून तू तीनदा फिनिक्सकडे गेलास, दोन तास गाडी हाकत, ते दुखरं ढोपर घेऊन. उन्हात पत्र्याच्या बाकावर बसलास, आणि घरी येऊन म्हणालास की पोरीने याला एका बटणात घेतला, एका, बर्निस! आणि सालला हॉलिस्टर एकोणिसात चिकटवला. शेजाऱ्यांनाही सांगितलंस म्हणे. मेक्सिकन शेजाऱ्याला बेसबॉल तुझ्याहून जास्त कळतो, तो हसला, असंही तिने सांगितलं.

मी कोरीनला कळवलं.

"रूझिका नाही म्हणाले?"

"नाही. ब्रँडल."

"का, ते सांगितलं?"

मी तुझे शब्द सांगितले, खांदा आणि सोडलेला चेंडू. ती हसली, आणि हसण्याच्या शेवटी आवाज जरा ओला झाला, पण तिला सर्दी आहे, असं ती म्हणते. मग म्हणाली, "माझ्या पाचही अंदाजांत मिळून जे आहे, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं." मी म्हटलं, त्याला तीन वेळा फिनिक्सला जावं लागलं, तुला इथे बसून एक वर्ष आधी दिसलं. दोघांची बरोबरी झाली समज.

लिलाव पुढच्या शनिवारी. नववं कलम तुला पाठ आहे, दुसरा वसंत आहे, या वेळी बदली माणूस चालत नाही. साल बरण्या धुतो आहे. तुझ्या खुर्चीखालचा पुठ्ठा मी काढून ठेवला आहे, तिच्यासाठी शेजारी दुसरी खुर्ची लावली आहे. जाड कोट आण, तळ्यावरून अजून बर्फ येतंय. विमानतळावर मी येऊ शकतो, पण माझी गाडी तुला आवडत नाही. कोरीनचा फोन नंबर तोच आहे.

शेवटचं. रूझिका आणखी एक हंगाम खेळणार म्हणतो, म्हणजे शनिवारी त्याचं नाव कोणीतरी पुकारणार. मी कोरीनला विचारलं, आकडे त्याला काय किंमत देतात.

"एक बटण."

"आणि तू कुठपर्यंत जाशील?"

"दोन."

"हे दुसरं कुठल्या अंदाजातून आलं?"

"विचारू नका." मग म्हणाली, "मी एकटी असले तर दोन. डॅड असले तर ते अकरापर्यंत जातील, आणि मला त्यांचा हात धरून खाली ओढावा लागेल."

ये, आणि तिला ओढू दे.

हर्ब